गोवेंट महाराजांचं तिसरं रूप

पहाटे विहिरीवर अंघोळ करताना माणूस तोंडाने काहीतरी पुटपुटतोच. कोणी गंगा-गोदावरीचं नाव घेतो, कोणाचे नुसते दात वाजतात. आमच्या शेजारचे सदाशिवभट पहिला तांब्या डोक्यावर ओतला की खणखणीत आवाजात म्हणत,

“गो वेंट, वेंट गो, गो वेंट गॉन, गॉन वेंट गो, गो वेंट गॉन!”

दुसऱ्या तांब्याला ‘ईट एट ईटन’, तिसऱ्याला ‘ड्रिंक ड्रँक ड्रंक’. उजवा हात स्वराप्रमाणे वर, खाली, आडवा. डोळे मिटलेले, शेंडीतून पाणी निथळतंय आणि तोंडात राणीच्या भाषेतली क्रियापदं. अमरावतीच्या आमच्या आळीत त्या काळी कोंबड्याकडे कोणी लक्ष देत नसे. भटजींचं ‘ड्रंक’ झालं की बायका चुली पेटवायला उठत.

लोक त्यांना गोवेंट महाराज म्हणत. तोंडावर नव्हे, पण फार पाठीमागेही नव्हे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझा अंदाज असा की मनातून आवडतही होतं.

सदाशिवभट घनपाठी होते. घन ही वेद पाठ करण्याची एक रीत. शब्द पुढून म्हणायचे, मागून म्हणायचे, पुन्हा पुढून म्हणायचे, म्हणजे एकही अक्षर जागचं हलत नाही. ही विद्या त्यांनी लहानपणी गुरूच्या घरी मार खाऊन मिळवली होती, आणि पन्नाशीला टेकल्यावर तीच त्यांनी इंग्रजीला लावली. वेद सुटला नव्हता, तो संध्येच्या वेळी असे. विहिरीवर मात्र इंग्रजी.

या इंग्रजीचा गुरू मी. मला इंग्रजी येत होतं असं म्हणणं धाडसाचं आहे. पण ज्या आळीत कोणालाच ते येत नाही, तिथे माझ्याएवढं येणाराही पंडित ठरतो. शाळेत चार बुकं झाली होती, तेवढ्यावर एका अडत्याने मला कापसाच्या बाजारात कारकून म्हणून ठेवलं होतं.

ते दिवसच कापसाचे होते. तिकडे दूर अमेरिकेत लढाई जुंपून तिकडचा कापूस बंद झाला होता म्हणे, आणि तिची दिवाळी आमच्या वऱ्हाडात चालली होती. ज्यांनी जन्मभर ज्वारीच्या भाकरीवर समाधान मानलं, ते आता बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या करून घालत होते. रेल्वे यायची होती. तिचे साहेब शेताशेतांतून मोजणीच्या साखळ्या टाकत हिंडत. आणि कापूस घ्यायला मुंबईहून गोरे व्यापारी येत. त्यांतला एक हंगामभर अकोल्याला तंबू ठोकून बसे. त्याचं नाव कोणाच्या जिभेला पेलत नव्हतं, म्हणून सगळे त्याला कापूससाहेब म्हणत.

तर एका दुपारी सदाशिवभट माझ्या ओट्यावर येऊन बसले. उपरण्याने घाम पुसून म्हणाले, “बापू, मले इंग्रजी शिकव.”

“कायले, महाराज?”

“कायले ते विचारू नको. सगळं नको शिकवू, फक्त क्रियापदं शिकव. आंबा असला तर बोटानं दाखवता येते, बैल बोटानं दाखवता येते. क्रियापद बोटानं दाखवता येत नाही.”

मी बुक काढलं तर त्यांनी तोंड फिरवलं. “ते ठेव. विद्या तोंडातून तोंडात जाते.”

मग मी सांगायचं आणि त्यांनी म्हणायचं, असा आमचा पाठ सुरू झाला. सुरुवात मी सोप्यापासून केली, वॉक वॉक्ड, टॉक टॉक्ड. ते भलतेच नाराज झाले. “यात पाठ करासारखं काय आहे? शेपूट लावलं की झालं. मले बिघडलेले सांग.”

बिघडलेली क्रियापदं सांगितल्यावर स्वारी खुलली. त्यांनी त्यांची लगेच कुळं पाडली. ‘कट कट कट’, ‘पुट पुट पुट’ यांना ते स्थितप्रज्ञ म्हणत. “काळ काही होवो, हे हलत नाही. नमस्कार करावा अशे.” ‘बाय बॉट’, ‘ब्रिंग ब्रॉट’, ‘थिंक थॉट’ यांना ते सपिंड म्हणत आणि त्यांच्यात सोयरीक होणार नाही असं मला गंभीरपणे सांगत. ‘कम केम कम’ आणि ‘रन रॅन रन’ या माहेरवाशिणी. मधल्या रूपाला जरा परक्या घरी जाऊन येतात, तिसऱ्याला पुन्हा आपल्या घरी. माहेरवाशिणी म्हणताना त्यांचा आवाज उगाच मऊ व्हायचा.

‘गो’चं मात्र त्यांना काही केल्या पटेना. “गोचं वेंट झालं कसं? गोतला ग नाही, ओ नाही. हा दत्तक दिसते!”

मीही तेव्हा तरणाताठा होतो, आगाऊ होतो. म्हटलं, “महाराज, आपलं जातोचं गेला कसं होते? येतोचं आला कसं होते?”

भटजींचा उभा जन्म मराठी बोलण्यात गेला, पण ही गोष्ट कधी त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. संध्याकाळपर्यंत ते ‘जातो गेला, येतो आला’ पुटपुटत बसले. दुसऱ्या दिवशी विहिरीवरूनच मला हाक मारून म्हणाले, “बापू, येणं-जाणं म्हटलं की सगळ्याच भाषांचं बिघडते, पाह्य!”

तीन रूपांचा अर्थही त्यांनी आपल्या परीने लावला होता. श्राद्धाला बाप, आजा, पणजा असे तीन पिंड असतात, तशी ही तीन रूपं. पहिलं जितं. दुसरं गेलेलं, पण आठवणीतलं. तिसरं पार पलीकडचं. म्हणून ‘गॉन’, ‘ईटन’, ‘ड्रंक’ ही रूपं ते नेहमी आवाज खाली उतरवून म्हणत. मी हजारदा सांगितलं की महाराज, तिसरं रूप म्हणजे पणजा नव्हे. ते ऐकून घेत आणि पुन्हा हळू आवाजात ‘गॉन’ म्हणत. इंग्रजी व्याकरणाला पिंड पाडणारा असा विद्यार्थी जगात दुसरा झाला नसेल.

याची कीर्ती दूर गेली. तेल्हाऱ्याचा एक नवश्रीमंत शेतकरी विहिरीच्या पूजेला त्यांना न्यायला आला आणि अडूनच बसला. “महाराज, ते सायबाचे मंत्र म्हना. कापसाचा भाव टिकला पायजे.”

“अरे ते मंत्र नाहीत, व्याकरण आहे.”

“मंग व्याकरन म्हना!”

शेवटी प्रदक्षिणा घालताना भटजींनी ‘गिव्ह गेव्ह गिव्हन’ म्हटलं. शेतकऱ्याने तिन्ही वेळा हात जोडले.

भटजींचा हा छंद, तर त्यांच्या बायकोचा दुसराच. रमाकाकूंच्या उंबरठ्यावरून ‘येतो’ म्हटल्याशिवाय कोणालाही उतरता येत नसे. ‘जातो’ आपल्याकडे कोणीच म्हणत नाही, हे खरं. पण एखाद्याच्या तोंडून चुकून निघतं आणि आपण सोडून देतो. काकू सोडत नसत. दूध घालणाऱ्याला, भाजीवालीला, अगदी दारी आलेल्या गोसाव्यालाही त्या परत बोलावत, ओट्यावर बसवत, गुळाचा खडा आणि पाणी देत आणि पुन्हा नीट निरोप घ्यायला लावत. गोसावी या घरी मुद्दाम चुकत, असा माझा संशय आहे.

एकदा बाजाराच्या घाईत माझ्याच तोंडून निघून गेलं, “बरं काकू, जातो मी.” मी आळीच्या टोकाला पोचलो तोच मागून हाक आली. काकू पिठाच्या हातांनी धावत आल्या होत्या. “येतो म्हन, बापू. म्हन आधी!”

मी हसत हसत म्हटलं. काकू हसल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते. तिथेच भिंतीला टेकून त्यांनी मला विष्णूचं सांगितलं.

विष्णू त्यांचा एकुलता एक मुलगा, मी या आळीत राहायला येण्याआधीच घर सोडून गेलेला. बापाने त्याला घनपाठी करायला घेतलं होतं आणि त्याचा पाठही होत आला होता. पण कापसाच्या दिवसांनी त्याला ओढलं. अकोल्याला कापूससाहेबाच्या काट्यावर तो मोजणीला लागला, साहेबाची मर्जी बसली आणि साहेब त्याला मुंबईला चल म्हणाला. घरात बापलेकाचं कडाक्याचं वाजलं. निघताना विष्णूने गाठोडं उचललं, उंबरठ्यावर उभा राहिला आणि म्हणाला, “जातो.”

“मी म्हटलं, येतो म्हन रे बाप्पा,” काकू म्हणाल्या. “तर आतून हे म्हणले, जा! तसाच गेला. दोन हंगाम झाले, ना निरोप ना काही. आता हे इंग्रजी घोकून राहिले. सायबाले स्वतःच्या तोंडानं विचारतो म्हणते, माहा पोरगा कुठी आहे.”

त्या दिवशी मला विहिरीवरच्या त्या ओरडण्याचा अर्थ कळला. मी थेट भटजींकडे गेलो. म्हटलं, “महाराज, एवढंच ना? मी विचारतो साहेबाले.”

“नाही,” ते म्हणाले. “तू विचारलं तर ते तुहं विचारणं झालं. जा हा शब्द माह्या तोंडातून गेला. तो माह्याच तोंडानं परत आणला पायजे. आन् रूप चुकून चालत नाही, बापू. एक स्वर चुकला की मंत्र उलटते.”

कापूस फुटला, साहेब अकोल्याला आल्याचं कळलं. मला अडत्याच्या कामासाठी जायचंच होतं. सखाराम गाडीवानाच्या बैलबंडीत आम्ही दोघं बसलो. भटजींनी ठेवणीतली पगडी आणि जरीकाठी उपरणं घातलं होतं, आणि बडनेरा मागे पडल्यापासून त्यांचं तोंड क्षणभर मिटलं नव्हतं. सखाराम बराच वेळ ऐकत होता. शेवटी राहवलं नाही तेव्हा त्याने विचारलं, “म्हाराज, कोन्ता देव हाय हा, गोवेंट? माह्या ढवळ्याच्या पायासाठी चालते का?”

“देव नाही, क्रियापद आहे.”

“मंग ऱ्हाऊ द्या,” सखाराम म्हणाला.

मूर्तिजापूरच्या पुढे भटजींचा धीर सुटत चालला. कोणतं रूप लावायचं? मी म्हटलं, ‘डिड ही गो’ म्हणा. ते चमकले. “तो तर गेला, मंग त्याले पहिलं रूप कसं?” मी म्हटलं, मग ‘हॅज ही गॉन’ म्हणा. त्यांचा चेहरा उतरला. “तिसरं नको रे.” मग बैलांच्या पाठीकडे पाहत ते म्हणाले, “बापू, मी हे सगळं उलटून पाहिलं. गॉन वेंट गो. घनाची रीतच आहे, गेलेलं मागे आणाची. पण उलटं म्हटलं तरी शेवटी काय येते? गो. म्हणजे जाच!”

सखारामने बैलांना हाकारलं.

साहेबाचा तंबू अकोल्याच्या बाहेर, कापसाच्या गंज्यांच्या मधोमध होता. साहेब लिंबाखाली खुर्ची टाकून बसला होता, तोंडात चिरूट. भटजी त्याच्यासमोर जाऊन ताठ उभे राहिले. मी बाजूला. त्यांनी डोळे मिटले, उजवा हात उचलला, आणि कोणतंही रूप चुकू नये म्हणून तिन्ही म्हणून टाकली.

“साहेब! माय सन विष्णू. गो? वेंट? गॉन?”

साहेबाने चिरूट काढला. “विष्णू?” मग ओळख पटून तो हसला. “ओह, विष्णू! गॉन.” आणि त्याने हात लांब, आभाळाच्या दिशेने उडवला. “ही इज गॉन!”

पुढचं तो माझ्याकडे वळून भराभर बोलला. विष्णू मुंबईला होता, हिशेबाला फार तरबेज निघाला, म्हणून पेढीने त्याला गलबतातून कराचीला नवीन वखारीवर पाठवलं आहे, खुशाल आहे, थोडा जाड झाला आहे. मला इतका आनंद झाला की मी हसतच भटजींकडे वळलो. भटजी तिथे नव्हते.

एका हमालाने बोट दाखवलं. “ते म्हाराज नदीकडे गेले.”

मी धावलो. मोर्णेच्या पाण्यात सदाशिवभट कमरेइतके उभे होते. पगडी, उपरणं, सगळ्यानिशी. आपल्या माणसाच्या मरणाची बातमी कानावर पडली की अंगावरच्या कपड्यानिशी बुडी मारायची असते. मृताला पाणी देताना जानवं उजव्या खांद्यावर घेतात, ते अजून त्यांनी बदललं नव्हतं, पण हात तिकडे गेला होता.

“महाराज, बाहेर या! विष्णू गेला नाही!”

“साहेब म्हणला ना गॉन,” ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. “वर हात दाखवला त्यानं.”

“अहो, गॉन म्हणजे गेला!”

“मंग?”

“गेला म्हणजे तसा गेला नाही! नुसता गेला! म्हणजे गेला, पण गेला नाही, कराचीले गेला!”

काठावर धुणं धुणाऱ्या बायांनी हात थांबवले होते. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, “अरे बाप्पा, तो गेला का नाही गेला ते एकडाव नीट सांग. थे म्हाराज कुडकुडून ऱ्हायले पान्यात.”

मी पाण्यात उतरलो आणि त्यांचा दंड धरून कानाशी ओरडलो, “जिता आहे! कराचीत आहे! जाड झाला आहे!”

भटजींनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “तिसरं रूप जित्या माणसाले लागते?”

“लागते, महाराज.”

“खरं?”

“शपथ.”

ते काठावर येऊन चिखलात बसले आणि लहान पोरासारखे हमसून रडले. मी त्यांची पगडी पिळत उभा राहिलो. पिळायची वस्तू नव्हे ती, पण हाताला काहीतरी काम हवं होतं. रडता रडता ते एकच वाक्य म्हणत होते, “मी जा म्हटलं रे. मी जा म्हटलं.” या माणसाची मी किती टिंगल केली होती, आणि तेव्हा मला तो माझ्या सख्ख्या काकापेक्षा जवळचा वाटला.

मग ते उठले आणि ओलेत्याने परत तंबूकडे चालू लागले. साहेब आम्हाला पाहून खुर्चीतून अर्धवट उठला. भटजींच्या उपरण्यातून पाणी गळत होतं.

“साहेब. आय सेड गो. राँग. टेल विष्णू, कम केम, केम कम, कम केम कम.”

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी सगळा प्रकार सांगितला. जातो आणि येतोची गोष्टही. साहेबाने चिरूट खाली टाकला आणि तो म्हणाला, पावसाळ्यात मी कराचीला जाणार आहे, नक्की सांगेन. पण भटजींना तेवढ्यावर भरवसा नव्हता. त्यांनी त्याला म्हणायला लावलं. साहेब म्हणाला, तर आवाज चुकीच्या जागी चढला. भटजींनी त्याचा गोरा हात धरून खाली, वर, आडवा असा फिरवून दाखवला, आणि कापसाच्या गंज्यांमध्ये तो साहेब शिष्यासारखा पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, “कम केम, केम कम, कम केम कम.” हमालांची कामं थांबली होती. पुढून म्हणा, मागून म्हणा, शेवटी कमच येतं, ही खूण भटजींना त्या दिवशी सापडली.

त्यानंतरचा उन्हाळा आणि पावसाळा आमची आळी पहाटे फक्त ‘कम केम कम’ या माहेरवाशिणीने जागी होई. बाकीची सगळी क्रियापदं भटजींनी सोडून दिली. रमाकाकू रोज एका माणसाच्या भाकरी जास्त थापत आणि दुपारी त्या गाईला घालत.

पुन्हा हंगाम आला. एक दिवस साहेबाची बैलांची दमणी आमच्या आळीत शिरली. साहेब खाली उतरला, भटजींच्या उंबरठ्यापाशी आला, टोपी काढली, आणि उजवा हात उचलून, स्वर सांभाळून, मोठ्याने म्हणाला,

“येटो.”

भटजी ओट्यावरून उठून उभे राहिले.

“विष्णू,” साहेब म्हणाला आणि पुन्हा हात उचलला. “येटो.”

काकू चुलीपासून धावत आल्या. “कवा? कवा येतो म्हणला?”

साहेबाला तेवढं मराठी येत नव्हतं. मी इंग्रजीत विचारलं, तर त्यालाही ते ठाऊक नव्हतं. विष्णूने बापाचा निरोप ऐकला आणि साहेबाला हा एकच शब्द शिकवला. उच्चार बरोबर होईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणून घेतला, आणि घराच्या उंबरठ्यावरच म्हणायचा असं बजावलं. घनपाठ्याचाच मुलगा तो.

साहेबाची दमणी निघून गेल्यावर भटजी माझ्याकडे वळले. “बापू, हे काय समजू? त्या दिवशी म्हणाचं राहिलं होतं ते आता म्हणला, का खरंच येऊन राहिला?”

आपल्या भाषेत जाणाराही येतो म्हणतो आणि येणाराही येतोच म्हणतो. इंग्रजी असतं तर मी एखादा काळ लावून पाहिला असता.

“पहिलं रूप आहे ना पण?” त्यांनी विचारलं.

“हो महाराज. पहिलं आहे.”

“मंग बरं आहे,” ते म्हणाले. “दुसरं, आला, आपुन म्हणाचं नसते. ते त्याले रस्त्यावर पाहून लोकायनं म्हणाचं असते.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ओट्यावर राखुंडी घेऊन बसलो होतो. विहिरीवर तांब्याचा आवाज झाला. भटजींनी डोळे मिटले, हात उचलला आणि म्हणाले, “येतो.” पुढे काही म्हणाले नाहीत. हात दुसऱ्या रूपासाठी वर गेला होता, तो तसाच वर राहिला, आणि मान रस्त्याकडे वळली होती. माझंही बोट दातांवर थांबलं. मग त्यांनी हात खाली घेतला आणि तांब्या डोक्यावर ओतला. मी त्या आळीत होतो तोवर रोज पहाटे आम्ही दोघं असेच थांबत होतो.